वाऱ्यावर

पुन्ता अरेनासमध्ये वाऱ्याची तक्रार कोणी करत नाही.
वसंतात चौकाच्या कडेला दोर बांधतात,
माणसं दोर धरून बँकेत जातात,
टोपी उडाली तर ती सामुद्रधुनीची झाली.

आणि अशा गावात म्हातारा झ्वोनिमिर
कॉम्प्युटरचा डबा घोंगडीत गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तसा,
माझ्या टेबलावर ठेवतो नि म्हणतो,
"रोसाउरा, याच्या पंख्यानं झोप उडवली."

चाळीस वर्षं तो हवामान केंद्रावर होता.
आता जुन्या वह्या टाइप करून ठेवतोय:
तारीख, दिशा, वेग, शेरा.
एका शेऱ्यात "दार गेलं" इतकंच आहे.
टाइप करता करता तिथेच डोळा लागायचा त्याचा,
बाहेर पत्रे उचकटत असताना.
आता लागत नाही.
"बाहेरचा वारा मध्ये दम खातो," तो म्हणाला.
"हा खात नाही."

प्लग जोडला. खरोखरच घरघर लागली होती.
आधी खर्र, मग शीळ,
मग झोपेत कुणी दात खावेत तसं काहीतरी.
पॉवर सप्लायमधला, मागचा, तळहाताएवढा.
अख्खा डबाच नवा घ्या, म्हटलं असतं दुसऱ्या कुणाला,
पण तो बोटीनं यायला तीन आठवडे,
आणि खणात मापाचा एक पंखा पडून होता.

उघडायच्या आधी थांबावं लागतं.
प्लग काढला तरी आतले दोन जाडे कपॅसिटर
जुना राग धरावा तशी वीज धरून बसतात.
वीस मिनिटं. आम्ही येर्बाचा काढा ओढला,
एकाच नळीनं, आळीपाळीनं.
तो भिंतीवरच्या दाबमापकाकडे बघत राहिला.
"हा चार मिलिबार खोटं बोलतो."
एवढंच बोलला.

मग चार स्क्रू. एकाची खाच झिजलेली,
रबरबँड मध्ये धरून फिरवला.
आत धूळ. धूळ कसली, लोकर:
करडा नमदा, घावनासारखा अख्खा निघाला.
त्यात मांजराचे पिंगट केस, पावाचा चुरा,
आणि एक पांढरं पीस.
त्यानं ते उजेडात धरलं. "सुरयचं.
मार्चमध्ये खिडकी उघडी राहिली होती."

जुन्याच्या पोटावरचं लेबल सोलून
तेलाचा थेंब सोडून पाहिला, बॅटरीवर फिरवला.
अर्धा मिनिट शहाण्यासारखा वागला.
मग कापल्या तारा,
लालला लाल, काळीला काळी,
डाख दिला, वर नळी चढवून तापवली,
झाकण, स्क्रू, प्लग.

आवाज नाही.
मी हात झटकले, जरा ऐटीतच.

झ्वोनिमिरनं तर्जनी जिभेला लावली
आणि डब्याच्या मागे धरली,
डोळे मिटून, केंद्राच्या गच्चीवर धरत असेल तशी.
बराच वेळ.
"उलटा बसवलायस, पोरी.
गरम बाहेर येत नाही. हा आत ओढतोय."

पंख्याच्या कडेवर एक बाण असतो, कुसळाएवढा.
बारा वर्षं बघतेय मी तो बाण.
पुन्हा प्लग. पुन्हा वीस मिनिटं.
पुन्हा तोच येर्बा, आता नुसतं गरम पाणी.
दाबमापक अजून चार मिलिबार खोटं बोलत होता
आणि मला तेवढाच आधार वाटत होता.

जाताना त्यानं पैसे मोजून दिले. मग म्हणाला,
"जुना दे."
"त्याचं काय करणार? बेअरिंग गेलंय."
"वाऱ्यावर सोडतो."

रविवारी चौकातला दोर सोडून त्याच्या गल्लीत वळले
तर कुंपणाच्या खांबाला तो ठोकलेला,
कापलेल्या दोन तारा लोंबत,
वारं प्यायल्यासारखा गरगरत होता, फुकट.
तीच खर्र, तीच शीळ, अख्ख्या गल्लीला.

खिडकी बंद. पडदा ओढलेला.
सकाळचे अकरा वाजून गेलेले.
मी दार वाजवलं नाही.